एक ओळ

सेमिनरीत आम्हांला संगीत शिकविणारे वयोवृद्ध धर्मगुरू म्हणत की, ज्या गाण्याचे शब्द कानाला स्पष्ट कळत नाहीत ते उपासनेत गाऊ नये. हा दंडक मी आजवर पाळीत आलो. म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक विशीतला मुलगा मोबाईल घेऊन कार्यालयात आला आणि "फादर, हे रॅप आयकून तं पाहा," म्हणाला, तेव्हा मी हसून त्याची बोळवण करणार होतो. पण त्याचा आग्रह मोडवला नाही.

त्याने आधी ऐकविले ते गाणे त्याचे नव्हते. मुंबईतील 'स्वदेशी' या तरुणांच्या समूहाचे 'द वारली रिव्होल्ट' हे ते गाणे, २०१९ सालचे. आरेच्या जंगलात राहणारे आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांचा आवाज त्यात आहे. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील झाडांवर करवती चालल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबविली तोवर २,१४१ झाडे आडवी झाली होती. हा इतिहास मला ठाऊक होता. पोप फ्रान्सिस यांच्या 'लाउदातो सी' या २०१५ च्या परिपत्रकावर बोलताना मी तो सांगितलाही होता. मात्र ज्याचे घर त्या झाडांखाली आहे त्याचा आवाज मी प्रथमच ऐकत होतो.

मुलाने मग मला त्या व्यवसायाची ओळख करून दिली. आमच्या लहानपणी रेकॉर्ड म्हणजे काळी तबकडी, पुढे कॅसेट. ती काढायला मोठी कंपनी लागे. आता एक खोली, एक मायक्रोफोन आणि एक संगणक पुरतो. 'आझादी रेकॉर्ड्स' ही २०१७ साली दिल्लीत सुरू झालेली स्वतंत्र संस्था. 'स्वदेशी'ची गाणी तिने काढली, २०२० चा 'चेतावनी' हा संग्रहही. चित्रपटाचा आधार नाही, नटनटी नाहीत. या समूहातला सौरभ अभ्यंकर आपल्या अमरावतीचा, हे सांगताना मुलाचा चेहरा खुलला होता. तो आपले नाव '१००आरबीएच' असे लिहितो. शंभरचे हिंदी 'सौ' वाचले की सौरभ होतो. मला या खोडीचे हसू आले. सोळाशे सोळा साली फादर स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' ओवीत रचले ते लोकांच्या जिभेवर ओवी होती म्हणूनच. आणि आमच्या वऱ्हाडात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावेच्या गावे जागी केली. ताल कोठून आला याची चौकशी त्या लोकांनी केली असेल असे वाटत नाही.

मग त्याने स्वतःचे गाणे लावले. अमरावतीच्या एका मित्राच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून, तीन गाणी ध्वनिमुद्रित केली होती. तिसरे त्याच्या वडिलांवर होते.

चार वर्षांपूर्वी हाताशी आलेले सोयाबीन पावसात सडले, डोक्यावर कर्ज होते, आणि त्या माणसाने स्वतःचा जीव संपविला. वाशीम हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपैकी एक. येथे अशा घरांत मी अनेकदा गेलो आहे. अंत्यविधी मीच केला. १९१७ च्या धर्मसंहितेने अशा मृतांना ख्रिस्ती दफन नाकारले होते. १९८३ च्या संहितेत ती तरतूद राहिली नाही. त्यामुळे विधीत मी काही उणे ठेवले नाही. प्रवचनात मात्र तो कसा गेला याचा उच्चारही केला नाही. नीतिमान आणि अनीतिमान दोघांवर पडणाऱ्या देवाच्या पावसावर बोललो.

गाण्यात एक ओळ होती: बाप गेला त्या दिवशी फादर पावसावर बोलले.

मी मोबाईल खाली ठेवला. थोड्या वेळाने म्हणालो, "बाळा, गाणे चांगले आहे. ही ओळ तेवढी काढता येईल का? लोकांचा गैरसमज होईल."

तो उद्धटपणे बोलला असता तर मला सोपे गेले असते. त्याने शांतपणे विचारले, "ते काढलं तं बाकीचं काऊन ठेवू, फादर?"

त्या रात्री आमोस संदेष्ट्याचे पुस्तक उघडले. बेथेलच्या याजकाने त्याला हेच सांगितले होते: तू आपल्या देशी जा, तेथे काय ते बोल, येथे नको. या उताऱ्यावर मी निदान दहा वेळा प्रवचन केले असेन आणि दर वेळी स्वतःला आमोसच्या बाजूला उभे केले असेन.

दुसऱ्या दिवशी मुलाला निरोप पाठविला की, ओळ राहू दे. तो न पाठविता तरी त्याने ती ठेवलीच असती, हे मला ठाऊक आहे.

ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी मध्यरात्री ती गाणी प्रसिद्ध झाली. फटाके नाहीत, फलक नाही; त्या दिवशी पेरणीनंतरची फवारणी चालू होती. रविवारी मिस्सानंतर मुलाची आई कार्यालयात आली. तिच्याजवळ साधा फोन, त्यावर गाणी लागत नाहीत. मुलगा अमरावतीला होता. "फादर, त्याचं ते गाणं तुमच्यापाशी हाये म्हणे," ती म्हणाली.

मी लावले. ती पदर तोंडाशी धरून ऐकत होती. ती ओळ आली तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले की नाही, कोण जाणे. गाणे संपल्यावर म्हणाली, "अजून एकदा लावता का?"

मी पुन्हा लावले. येत्या ऑक्टोबरात त्याच्या वडिलांचे वर्षश्राद्धाचे मिस्सा आहे. प्रवचन अद्याप लिहून झालेले नाही.