खोडदला जाऊ या, आपल्या कागदी गाडीतून

आज आपण एक गाडी बांधणार आहोत. घाबरू नका, खिशाला चाट पडणार नाही! गाडी बांधायची ती कागदावर. पेन्सिल आणि खोडरबर घेतलं की झालं. गाडीतून जायचं मात्र खऱ्याखुऱ्या गावाला. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यातलं खोडद, हे ते गाव.

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघालात की राजगुरुनगर, मंचर मागे टाकून तुम्ही नारायणगावला पोहोचता. तिथून उजवीकडे, पूर्वेला वळायचं. द्राक्षांचे मांडव, टोमॅटोचे मळे, उसाचे फड दिसू लागतात. आणि एका वळणावर शेतांच्या पलीकडे पांढुरक्या, जाळीदार अशा प्रचंड थाळ्या उभ्या दिसतात. काही वर तोंड करून, काही एका अंगाला कललेल्या. हीच जगप्रसिद्ध जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी ती उभी केली. थाळ्या आहेत एकूण ३०. त्यांतल्या १४ जवळजवळ आहेत आणि १६ थाळ्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात दूरवर पसरल्या आहेत. सगळ्यांत लांबच्या दोन थाळ्यांत सुमारे २५ किलोमीटरचं अंतर आहे. एकेका थाळीचा व्यास ४५ मीटर. कबड्डीची तीन मैदानं लांबीला एकापुढे एक मांडली तरी थोडी जागा उरेलच!

आता ही थाळ्यांची रांग पाहत शेतशिवारातून हिंडायचं, तर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आडवा येणार. म्हणून आपली गाडी साधी नको.

गाडीचं पोट उघडू या

समजा, आपल्याकडे एक जुनी पेट्रोलवर चालणारी व्हॅन आहे. तिची फक्त मागची चाकं इंजिनाच्या जोरावर फिरतात, पुढची नुसती घरंगळतात. चिखलात मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरली की संपलं! म्हणून पहिलं काम, चारही चाकांना जोर द्यायचा. गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक गिअरची पेटी बसवायची. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. ती इंजिनाचा जोर वाटून एक दांडा मागे आणि एक दांडा पुढे पाठवते. पुढे जोर घेणारा नवा अ‍ॅक्सल हवा, आणि त्याला जागा व्हावी म्हणून गाडीचं अंग थोडं उंच करायला हवं.

पण बरं का, कोरड्या डांबरी रस्त्यावर अशी गाडी चारही चाकांवर चालवू नये. वळताना पुढची चाकं मोठं वळण घेतात, मागची लहान. दोन्हींचे दांडे एकमेकांना बांधलेले असले तर पेटीवर ताण येतो. चिखलात चाकं थोडी घसरतात, म्हणून तिथे तो ताण निघून जातो.

दुसरं काम, इंजिन बदलायचं. पेट्रोलचं काढून डिझेलचं बसवायचं. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतही चांगली ओढ देतं. पण नुसतं इंजिन उचलून ठेवलं की झालं, असं नसतं हं! डिझेल इंजिन जड असतं, म्हणून पुढच्या स्प्रिंगा मजबूत कराव्या लागतात. त्याचं तोंड जुन्या गिअरबॉक्सला जुळत नाही, म्हणून मधे बेताची कातलेली लोखंडी चकती बसवावी लागते. ती केसभर जरी वाकडी बसली तरी क्लच आणि बेअरिंग झिजून जातात. रेडिएटर, डिझेलच्या नळ्या, धुराची नळी, सगळंच नव्याने जुळवायचं. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. आपली गाडी कागदावर आहे ती त्यासाठीच!

ठिणगीचा आवाज

आता तुम्ही विचाराल, "पेट्रोलचंच इंजिन ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?" दुसऱ्या गावाला काहीच बिघडलं नसतं. खोडदला मात्र हा प्रश्न विचारावाच लागतो.

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग असतो. तो दर मिनिटाला शेकडो, हजारो ठिणग्या पाडतो, तेव्हा पेट्रोलची वाफ पेटते. आणि प्रत्येक ठिणगी नुसता उजेड देत नाही, रेडिओ लहरीही फेकते. १८८७-८८च्या सुमारास जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ यांनी रेडिओ लहरी पहिल्यांदा निर्माण केल्या, त्या ठिणग्या पाडूनच. घरी करून बघा. ट्रान्झिस्टर मिडियम वेव्हवर लावा, पण कोणतंही स्टेशन नसलेल्या जागी. मोठ्या माणसाला सोबत घ्या, गॅस बंद आहे याची खात्री करा आणि स्वयंपाकघरातला लायटर रेडिओजवळ दाबा. कट्! ऐकू आलं? गाडीची ठिणगीही अशीच बोलते.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणून अमेरिकेत ग्रीन बँक इथल्या दुर्बिणीच्या जवळ फक्त डिझेलच्या गाड्याच नेतात. तरी डिझेल गाडी अगदी मुकी नसते. आजच्या गाड्यांत छोटे संगणक असतात. विजेच्या गाडीतही मोटारीला वीज देणारी यंत्रणा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. त्यांतूनही रेडिओ लहरी बाहेर पडू शकतात. त्या अडवायच्या तर यंत्र धातूच्या पेटीत नीट बंद करावं लागतं.

एवढी काळजी का? कारण आकाशातून येणाऱ्या लहरी अतिशय क्षीण असतात. आपला साधा मोबाइल चंद्रावर नेऊन चालू केला, तर त्याच्या लहरींपुढे आकाशातले बहुतेक सगळे तारे आणि दीर्घिका फिक्या पडतील. मग शेजारच्या बांधावर फटफटणाऱ्या मोटारसायकलचं काय सांगावं! खोडदची जागा निवडताना इथली शांतता आणि भोवतालचे डोंगर यांचा विचार केला होता, तो यासाठीच.

थाळीलाही मोटारी असतात

आता गंमत पाहा. ती थाळी हीसुद्धा एक प्रकारची गाडीच आहे! ती रस्त्यावर धावत नाही, जागच्या जागी वळते, एवढंच. एकदा आडवी गोल आणि एकदा वर-खाली. प्रत्येक दिशेला दोन मोटारी, म्हणजे एकूण चार. आपल्या गाडीची चार चाकं, तशा तिच्या चार मोटारी.

पण एका दिशेला दोन मोटारी कशाला? तुमची सायकल स्टँडवर लावा आणि पॅडल हाताने थोडं पुढे-मागे हलवा. मागचं चाक लगेच हलत नाही. साखळी सैल असते, मधे थोडी मोकळी जागा असते. गिअरच्या दात्यांतही अशी जागा असते. वाऱ्याचा झोत आला तर तेवढ्या जागेत थाळी डुगडुगेल आणि आकाशातलं नेमकं ठिकाण चुकेल. म्हणून एक मोटार ओढते आणि दुसरी तिला किंचित उलट ताण देते. उतारावर बैल गाडी ओढतात तेव्हा गाडीवान कासरा ताणून धरतो ना, तसंच. मग दाते सतत एकमेकांना टेकून राहतात.

मोटारीच्या हजारो फेऱ्या गिअरमधून कमी होत होत थाळी वळते. घाईत असली तरी ती मिनिटाला सुमारे ३० अंशच फिरते. घड्याळाचा मिनिटकाटा ६ अंश सरकतो, त्याच्या पाचपट. थाळी तारांच्या जाळीची असल्यामुळे वारा जाळीतून निघून जातो आणि एवढा डोलारा हलका राहतो. नाही तर मोटारी याहून कितीतरी मोठ्या लागल्या असत्या.

आणि ऐका, या थाळ्यांचीही 'इंजिनं' बदलली! जीएमआरटी २००१ साली राष्ट्राला अर्पण झाली. पुढे दुर्बीण सुधारताना तिची चालवणारी यंत्रणाही सुधारली. पहिल्या मोटारींत कोळशाचे ब्रश होते. फिरत्या भागाला घासणारे असे ब्रश झिजतात आणि ठिणग्याही पाडतात. त्यांच्या जागी बिनब्रशच्या मोटारी आल्या. आपल्या व्हॅनला जे केलं, तेच इथे झालं. खांब तोच, थाळी तीच, फिरवणारा जीव मात्र नवा.

एक अवघड प्रश्न

या शांततेची किंमत कुणीतरी मोजतं, हेही लक्षात ठेवा. पुणे-नाशिक रेल्वे व्हावी, असं जुन्नर-आंबेगावच्या लोकांना फार दिवसांपासून वाटतं. शेतमाल लवकर जाईल, मुलं शिकायला दूर जाऊ शकतील. पण विजेवर धावणाऱ्या गाडीच्या तारांवरही ठिणग्या पडतात. २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं, की जीएमआरटीमुळे नारायणगावजवळून रेल्वे नेता येणार नाही, दुसरा मार्ग पाहावा लागेल. त्यावर इथल्या लोकांना वाईट वाटलं, ते साहजिकच आहे. दुर्बीणही हवी आणि रेल्वेही हवी! मग ठिणगी न पाडणारी, लहरी बाहेर न सोडणारी गाडी बनवता येईल का? तुमच्यातला कुणी मोठेपणी यावर काम करील, तर दोन्ही बाजू त्याला दुवा देतील.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञानाचं मोठं प्रदर्शन भरतं. आई-बाबांना किंवा आपल्या बाईंना घेऊन जरूर जा. थाळी वळताना दिसली तर घड्याळ लावून तिचा वेग मोजा. आणि हो, आत जाताना मोबाइल बंद करायला सांगितलं, तर कुरकुर करू नका. कारण आता तुम्हाला ठाऊक आहे.