भौगोलिक कारणे लिहा

शाळेतल्या विषयांनाही माणसांसारखे नशीब असते. गणिताला सारे घाबरतात, म्हणून त्याचा मान राहतो. इतिहासात लढाया असतात, म्हणून तो निदान वाचला तरी जातो. भूगोल बिचारा घरातल्या धाकट्या जावेसारखा. दहावीच्या परीक्षेत त्याच्या वाट्याला चाळीस गुण आणि दोन तास, आणि तोही पेपर बहुधा अगदी शेवटी. तोवर मुलांच्या डोळ्यांत सुटी शिरलेली असते.

तरीही या विषयातला एक प्रश्न मला फार आवडतो: 'भौगोलिक कारणे लिहा.' जगात जे आहे ते उगीच नाही, त्याला काही कारण आहे आणि ते शोधले तर सापडते, असा केवढा विश्वास त्या तीन शब्दांत आहे!

यंदा हा प्रश्न देवळाली प्रवरेच्या आमच्या घरी रोज संध्याकाळी येऊन बसतो, कारण नात दहावीला आहे. तिचे पुस्तक २०१८ साली आलेले. त्यात भारत आणि ब्राझील शेजारीशेजारी मांडले आहेत. एकदा ती अंगणात येरझाऱ्या घालीत पाठ करीत होती: ब्राझीलच्या ईशान्येला अवर्षण चतुष्कोन आहे, समुद्रावरून येणारे वारे अजस्र कड्याला अडतात, किनाऱ्याकडे पाऊस पाडतात आणि पलीकडचा प्रदेश पर्जन्यछायेत जातो. शब्द बिनचूक होते, पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हते. मी म्हटले, "बाळ, आता ब्राझीलच्या जागी आपले गाव घालून म्हण बरे."

ती थांबली. वारे नैर्ऋत्येचे केले, कड्याच्या जागी सह्याद्री ठेवला, आणि उत्तर तसेच्या तसे बसले. आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या घाटघरला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून सरळ पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर आम्ही. आमच्याकडे पाचशेच्या आसपास पडला तरी लोक वर्ष बरे गेले म्हणतात.

"म्हणजे नाना, आपणसुद्धा चतुष्कोनातच की! मग आपल्याकडे ऊस कसा?"

तिने लगेच वहीत प्रश्न लिहिला: 'देवळाली प्रवरा येथे ऊस पिकतो. भौगोलिक कारणे लिहा.' काळी जमीन, भरपूर ऊन, जवळ साखर कारखाने, अशी तीन कारणे झरझर उतरली. पाण्यापाशी पेन अडले. नदीचे नाव लिहून भागेना, कारण उन्हाळ्यातली नदी तिने पाहिली आहे.

मग मी तिला भंडारदऱ्याची गोष्ट सांगितली. रतनगडाच्या परिसरात उगवलेल्या प्रवरेवर १९१० साली धरणाचे काम सुरू झाले, ते १९२६ साली पुरे झाले. उंची सुमारे ८२ मीटर. धरणातून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून संगमनेर तालुक्यातल्या ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत वाटले जाते. दुष्काळापासून रक्षण व्हावे म्हणून आणलेल्या पाण्यावर पुढे ऊस उभा राहिला, आणि १९५० साली लोणीला सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. आमचे हिरवेपण असे माणसांनी आखून, खणून, बांधून आणलेले आहे.

"मग नाना, हे कारण भौगोलिक कसे?"

या प्रश्नाला मी पटकन उत्तर देऊ शकलो नाही. धरणाच्या पोटात कुणाची तरी शेते गेली. जिथे पाऊस कोसळतो त्या डोंगरातल्या वाड्यांवर उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन पाण्यासाठी चालतात. आणि खाली पैठणला जायकवाडी आहे. समन्यायी वाटपाच्या तत्त्वावर, २००५ च्या कायद्याचा आधार घेऊन, २०२३ च्या नोव्हेंबरात नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडले, तेव्हा आमच्या पारावर आवाज चढले होते. नातीचे वडीलही त्यांत होते. माझा मुलगा म्हणून सांगत नाही. पण आवर्तन सुटल्यावर रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसात उभा राहणारा माणूस पाण्याबद्दल शांतपणे बोलू शकत नाही.

मला मात्र वाटते, पाऊस पडेल त्याचेच पाणी असा न्याय धरला, तर आमच्या वाट्याला ते पाचशे मिलिमीटर तेवढे राहतील. ज्या न्यायाने सह्याद्रीचे पाणी आमच्या चारीपर्यंत आले, त्या न्यायाला आमच्याच बांधावर थांब म्हणून सांगता येत नाही. हे मी पारावर एकदा बोललो. कुणी वाद घातला नाही, पण चहाही विचारला नाही.

"हे पेपरात लिहू?" तिने विचारले.

"पेपरात पुस्तकातले लिही. गुण त्याला आहेत."

तिने पुस्तकातले लिहिले. खाली मात्र चौथे कारण घातले: 'वरच्या लोकांची जमीन गेली, म्हणून.' मग पान उलटायच्या आत तिला झोप लागली.

त्या रात्री आमची पाण्याची पाळी होती. मुलगा निघताना उघड्या वहीपाशी थांबला. बॅटरीच्या उजेडात त्याने ते वाचले.

"हे पुस्तकात आहे?"

"नाही," मी म्हटले.

तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग वही मिटून त्याने तिच्या उशाशी ठेवली, आणि खांद्यावर फावडे टाकून चारीकडे गेला.