आबालालांचं पाणी

कोल्हापुरातल्या चित्रांमधलं पाणी अजून गावातच आहे. पॅरिसच्या संग्रहालयात मोनेच्या कमळांसमोर बसलेल्या माणसाला ते तळं बघायचं असेल, तर शहर सोडून जिव्हर्नीला जावं लागतं. आबालाल रहिमान यांची चित्रं बघून टाऊन हॉलमधून बाहेर पडलेला माणूस रिक्षाने थोड्याच वेळात रंकाळा तलावावर पोचतो. जगात फार थोड्या गावांना हे भाग्य आहे, आणि आम्हां कोल्हापूरकरांना त्याची पुरती जाणीव नाही असं मला वाटतं.

सीपीआर रुग्णालयासमोरची टाऊन हॉलची इमारत १८७६ साली पुरी झाली. आराखडा चार्ल्स मँट यांचा, म्हणजे नवा राजवाडा ज्यांनी आखला त्यांचाच. ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या उत्खननात सापडलेल्या वस्तूंमधून १९४६च्या सुमारास इथलं संग्रहालय उभं राहिलं. शाळेच्या सहली येतात त्या तलवारी बघायला आणि ग्रीक समुद्रदेवाची ती छोटी कांस्यमूर्ती बघायला. चित्रांपाशी आल्यावर मुलांची पावलं भरभर पडू लागतात.

बाहेरच्या बागेत झाडांच्या सावलीला पेशंटचे नातेवाईक बसलेले असतात. डबा खातात, डोळा लागला तर लागतो. कुणीकुणी उन्हाला कंटाळून आत येतं. असेच एक आजोबा नातवाचा हात धरून एका निसर्गचित्रापुढे थांबले आणि म्हणाले, "ह्यो बघ रंकाळा. आमी पवायला जायचो तवा असाच हुता." मी शेजारीच उभा होतो. चित्रापुढे उभं राहून माणसाने बोलायचं पहिलं वाक्य हेच असावं. ओळख पटणं हा चित्राचा पहिला आनंद आहे, आणि त्याला कमी लेखणाऱ्या जाणकारांशी माझं कधी जमलं नाही.

पण ओळख पटली की डोळा पुढे सरकतो, तिथे त्याला थोपवून धरावं लागतं. आबालालांच्या उतारवयातल्या चित्रांजवळ गेलं, की पाणी नाहीसं होतं. उरतात नुसते ठिपके आणि बारीक फटकारे, एकाशेजारी एक, न मिसळलेले. चार पावलं मागे आलं की ते पुन्हा पाणी होतं. मग लक्षात येतं, की पाण्याला रंगच नाही. जो आहे तो आभाळाचा, काठाचा, उतरत्या उन्हाचा. हे पुस्तकात वाचून कळतं, पण पटतं ते तिथे मागेपुढे चालूनच. त्यानंतर रंकाळ्यावर गेलं की डोळा तेच करू लागतो, आणि रोजचा तलाव वेगळा दिसतो.

आबालालांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिक्षण घेतलं, १८८८ साली व्हाइसरॉयचं पदक मिळवलं. मुंबईत राहिले असते तर नाव आणि पैसा दोन्ही मिळाले असते. ते कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार म्हणून आश्रय दिला. दरबारची कामं त्यांनी केली, पण जीव रमला तो कोटीतीर्थ तलावावर, रंकाळ्यावर, पंचगंगेच्या घाटावर. त्याच त्या जागा ते आयुष्यभर काढत राहिले. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रं कोटीतीर्थात सोडून दिली असं सांगतात. १९३१ साली ते स्वतः गेले.

कोटीतीर्थाच्या काठी उभं राहिलं की ही कथा मला सोडत नाही. ज्या पाण्याने चित्रं दिली त्याच पाण्यात ती गेली. म्हणून आज भिंतीवर उरलेला एकेक कागद मला अधिक वजनदार वाटतो. रंगीत चित्रांपेक्षाही पेन्सिलची रेखाटनं जास्त वेळ धरून ठेवतात. रंगाखाली झाकून जाणारं सगळं तिथे उघडं असतं: हात कुठे थांबला, कुठे दाब वाढला, झाडाचा बुंधा दुसऱ्यांदा कुठे शोधला.

असंच धरून ठेवणारी गावातली दुसरी जागा म्हणजे राजारामपुरीत सातव्या गल्लीतलं, नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय. ते त्यांचं घरच, शासनाला दिलेलं. पडद्यावरचा शिवाजी म्हणून महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं. ते चित्रकला शिकले बाबूराव पेंटरांकडे, म्हणजे ज्यांनी देशी कॅमेरा तयार करून १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला त्या चित्रकाराकडे. मांडऱ्यांच्या पावडर शेडिंगच्या निसर्गचित्रांपुढे मी फार रेंगाळतो. कोरडी भुकटी कागदावर चोळून उभा केलेला तो प्रकाश रेषेवाचूनच आकार घेतो. डोंगर कुठे संपला आणि धुकं कुठे सुरू झालं, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. आणि हे सगळं एका राहत्या घराच्या खोल्यांत, जिथे बघणाऱ्याला कुणी घाई करत नाही.

मुलांना सगळं संग्रहालय एका दिवसात उरकून दाखवू नये. एकच चित्र निवडू द्यावं, त्याच्यापुढे जमिनीवर बसू द्यावं, जमलं तर वहीत काढू द्यावं. अंबाबाईच्या दर्शनाला लांबून येणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे, की देवळापासून टाऊन हॉल फार दूर नाही. उन्हाळ्यात रंकाळ्याचं पाणी उतरतं आणि एरवी बुडालेला संध्यामठ उघडा पडतो. त्या दिवसांत यावं. दुपारी आबालाल बघावेत, उन्हं कलली की रंकाळ्यावर जावं. फक्त सोमवार टाळावा, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.