रिंग मोजू नका, खाच मोजा

सायकलचं पुढचं चाक धरणाऱ्या सस्पेंशन फोर्कमध्ये धक्का सोसणारा भाग मऊ असतो आणि सगळ्यात आधी तोच जातो. १९९०च्या दशकातला माउंटन बाइकचा फोर्क आज उघडला, तर अॅल्युमिनियमच्या नळ्या पुसल्यावर पुन्हा चकाकतात, बोल्टचे आटेही शाबूत निघतात. आतलं तेल मात्र काळवंडलेलं असतं, रबरी सील दगडासारखे झालेले असतात आणि युरेथेनच्या ठोकळ्यांचा चिकट लगदा झालेला असतो. असे फोर्क पुन्हा चालते करणं हा माझा गेल्या बऱ्याच वर्षांचा उद्योग आहे. मी राहतो कोलोरॅडोत, म्हणजे यातल्या काही फोर्कांच्या माहेरीच.

पॉल टर्नर आणि स्टीव्ह सायमन्स यांनी १९८९मध्ये रॉकशॉक्स ही फोर्क बनवणारी कंपनी सुरू केली. दोघंही मोटोक्रॉसच्या जगातून आलेले. मोटरसायकलचा शॉकअप सायकलला लावायचा, तर वजनाचा हिशोबच बदलतो, कारण इथे इंजिन नसतं, चढावर सगळा भार माणसाच्या पायांवर येतो. १९९०मध्ये इथल्याच ड्युरँगो गावी माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि उताराची शर्यत ग्रेग हरबोल्डने रॉकशॉक्सच्या फोर्कवर जिंकली. त्या फोर्कची हालचाल जेमतेम दोन इंचांची. याच काळात कोलोरॅडोतल्याच मॅनिटू स्प्रिंग्जच्या परिसरात डग ब्रॅडबरी हवा आणि तेल बाजूला ठेवून, युरेथेनच्या ठोकळ्यांवर चालणारे मॅनिटू फोर्क घडवत होता. १९९२ आणि १९९३ची पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांवरची शर्यत जिल्बेर द्युक्लो-लासालने रस्त्याच्या सायकलला रॉकशॉक्स लावून सलग दोनदा जिंकली. दुसऱ्या विजयाच्या वेळी तो ३८ वर्षांचा होता. काय टिकेल, काय चालेल, हे कुणालाच ठाऊक नसताना माणसांनी किती धीटपणे प्रयोग केले, हे या फोर्कांच्या आत हात घातल्यावर समजतं. म्हणून ते मला भिंतीवर टांगलेले बघवत नाहीत.

पण चालवायचे तर सुटे भाग हवेत. पहिला विचार येतो तो न वापरलेल्या जुन्या मालाचा. एखाद्या सायकल दुकानाच्या मागच्या खोलीत कंपनीचं सीलबंद पाकीट सापडतं आणि हर्ष होतो. आत बोल्ट किंवा स्प्रिंग असेल तर तो हर्ष योग्यच. युरेथेनचे ठोकळे असतील तर मात्र सांभाळून. पॉलिएस्टर जातीच्या युरेथेनमधले रासायनिक बंध हवेतल्या दमटपणानेच तुटत जातात. त्याला सायकलवर बसण्याची गरज नसते, पाकिटात पडल्या पडल्याही ते कुजतं. दुसरा मार्ग म्हणजे दोन फोर्क मोडून एक उभा करणं. तोही मी पत्करला आहे, पण मनापासून नाही. असा एक फोर्क वाचतो, तेव्हा जगातला एक कायमचा कमी होतो.

उरतो तिसरा मार्ग, भाग नव्याने मिळवण्याचा. इथे धीर देणारी गोष्ट अशी की फोर्कमधल्या बऱ्याचशा ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी सील, फक्त सायकलसाठी बनलेल्या नसतात. ओ-रिंगची ओळख दोन मापांत असते, आतला व्यास आणि जाडी. तीच रिंग एखाद्या हायड्रॉलिक सिलिंडरमध्येही असते. कंपनीचं नाव विसरून माप घेऊन गेलं, तर सीलच्या कुठल्याही चांगल्या दुकानात काम होतं. फक्त ते माप जुन्या रिंगवरून घ्यायचं नाही. तेलात राहून ती फुगलेली असते, नाहीतर आकसून चपटी झालेली असते. मोजायची ती रिंग ज्या खाचेत बसते ती खाच. खाचेची रुंदी आणि खोली सांगते की तिथे काय होतं.

हे मी पुण्यात, भोसरीच्या लेथवर शिकलो. तुटका भाग सँपल म्हणून पुढे ठेवला, की तिथला कारागीर तो हातात फिरवून आधी विचारायचा, "हे बसतं कशात?" झिजलेल्या वस्तूवर त्याचा विश्वास नसे, ती ज्या जागेत बसायची त्या जागेवर असे. घासलेला बुश, म्हणजे नळी ज्यातून सरकते ते कडं, नव्याने कातताना आजही मी नळीचा बाहेरचा व्यास आणि बुश बसतो त्या घराचा आतला व्यास व्हर्नियरने घेतो. बुश स्वतः काय म्हणतो ते शेवटी बघतो.

मात्र प्रत्येक गोष्टीची खाच उरत नाही. ठोकळ्यांची रास किती उंच होती, हे नळीवरून काढता येतं. ती किती कडक होती, हे कुठलीच नळी सांगत नाही. त्या जागी पोलादी स्प्रिंग बसवणारे पुष्कळ आहेत, मीही बसवतो. पण किती ताठ स्प्रिंग, हे स्वाराच्या वजनावर ठरतं आणि ते कुणीतरी चालवून, टिपून ठेवलं असेल तरच पुढच्याला कळतं. हवेवर चालणाऱ्या, रॉकशॉक्सच्या मॅग २१ फोर्कमध्ये फुटबॉलच्या पंपासारखी सुई रबरी व्हॉल्व्हमधून आत घालावी लागते. ते एवढंसं रबर वाळलं की अख्खा फोर्क निकामी. त्याच्या जागी काय बसेल, हे ज्याने एकदा शोधलं त्याचे श्रम इतरांच्या कामी यायलाच हवेत.

काही फोर्क मात्र चालवूच नयेत. क्राउनला, म्हणजे दोन्ही नळ्या वर जोडणाऱ्या आडव्या भागाला, बारीक तडा असेल तर नवा सील काही कामाचा नाही. पुढचं चाक ज्याच्या भरवशावर आहे, त्याच्याबाबत हळवेपणा परवडत नाही.

वस्तू मोडली म्हणून संपते, असं मी मानत नाही. तिची मापं जाणणारं कुणी उरलं नाही, की ती संपते. ज्या मॉडेलचे भाग बनवणं कंपन्यांनी थांबवलं आहे, त्याची रेखाचित्रं कपाटात कुलूपबंद ठेवण्यात कुणाचंच हित नाही. ती खुली करावीत, असं मला कळकळीने वाटतं. आणि तोवर आपण जे करू शकतो ते करावं. दुरुस्त केलेला फोर्क दुसऱ्याच्या हाती देताना ओ-रिंगची मापं, तेलाचा दाटपणा, स्प्रिंगचा ताठपणा आणि स्वाराचं वजन लिहिलेला एक कागद सोबत द्यावा. तो दिल्याशिवाय दुरुस्ती पुरी झाली असं म्हणू नये.