पेटी बदलली तेव्हां

यंत्र बदलण्याचा खर्च रुपयांत मांडतां येतो. परंतु त्यापायीं एखाद्या मनुष्यास काय द्यावें लागतें, हें हिशेबाच्या वहींत उतरत नाहीं. हा धडा आम्हांस बारामतीच्या एका गॅरेजांत मिळाला.

इंदापूर तालुक्यांतील आमच्या घरीं ऊस वाहणारा एक जुना ट्रक आहे. वडिलांनीं तो लिलावांत घेतला, तेव्हां त्यास आपोआप गिअर बदलणारी पेटी होती. आपल्याकडील जुन्या मालट्रकांत अशी पेटी विरळाच. तींत क्लचच्या जागीं तेलानें भरलेलें एक भांडें असतें. इंजिन एका बाजूनें तेल घुसळतें व त्या तेलाच्या जोरानें दुसऱ्या बाजूचें चक्र फिरतें. अमेरिकेंत ओल्ड्समोबील कंपनीनें १९४० च्या नमुन्याच्या मोटारींत अशी पेटी दिली, आणि तेव्हांपासून तिचा प्रसार झाला.

आमचे चालक तात्या यांचा डावा गुडघा पूर्वींच्या एका पडण्यानें आखडलेला. क्लच दाबणें त्यांस जमत नसे. ह्या पेटीमुळेंच त्यांच्या हातचें स्टिअरिंग सुटलें नव्हतें.

एका हंगामांत भवानीनगरच्या कारखान्याकडे जातांना, निमगांव केतकीच्या पुढें, इंजिन गरजूं लागलें. पण भरल्या गाडीचीं चाकें हालेनात. तोडलेला ऊस वाळला कीं वजन व साखर दोन्ही घटतात, म्हणून तो शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरनें पुढें धाडला. मिस्त्रींनीं पेटींतील तेल बोटावर घेऊन हुंगलें. तें काळें पडलें होतें व त्यास करपट वास येत होता. आंतील तबकड्या जळाल्या होत्या. सुटे भाग हंगामांत मिळण्याची आशा नव्हती. त्याच जातीच्या एका मोडीत निघालेल्या ट्रकाची हातानें गिअर टाकण्याची पेटी मात्र मिळत होती.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें वाहनांतील फेरफारांस मर्यादा घातली आहे. म्हणून वडिलांनीं आधीं परिवहन कार्यालयांत विचारणा केली, व मगच काम सुरू झालें. आम्हांस वाटलें होतें, एक पेटी काढून दुसरी बसविली कीं झालें! परंतु इंजिनामागची पातळ तबकडी काढून जड फ्लायव्हील बसवावें लागलें. त्यावर क्लचप्लेट व प्रेशरप्लेट आली. क्रँकच्या टोकाशीं लहानसें बेअरिंग ठोकावें लागलें. नव्या पेटीची लांबी निराळी, म्हणून चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट कापून, जोडून, पुन्हां तोलून घ्यावा लागला. जुन्या पेटीच्या दांड्याशीं जोडलेल्या तारेवांचून इंजिन सुरूच होईना. तीहि नव्यानें जोडली.

तात्या रोज गॅरेजांत येऊन बसत आणि मिस्त्रींना पाने देत. शेवटीं क्लचचा पायटा बसला. तात्या वर चढले, त्यांनीं डावा पाय त्यावर ठेवला व जोर केला. पायटा अर्ध्यावरच अडला. ते कांहीं न बोलतां खालीं उतरले आणि किल्ली आमच्या थोरल्या बंधूंच्या हातांत देऊन म्हणाले, "घे बाळ, आतां तूं."

इतके दिवस आम्हीं बेअरिंगचा भाव विचारला होता. तात्यांचें पुढें काय, हें कोणींच विचारलें नव्हतें. वडिलांची मान खालीं गेली. दुसऱ्या दिवशीं ते स्वतः तात्यांच्या घरीं गेले. पगार तोच, आणि काम गाडी भरून घेण्याचें व मुलांस शिकविण्याचें, असें ठरलें. तात्यांनीं बराच वेळ उत्तर दिलें नाहीं. मग म्हणाले, "मालक, पेटी बसवायच्या आधीं आला असतां, तर बरें झालें असतें."

तथापि ते आले. बंधूंच्या शेजारीं बसून ते सांगत, "कांट्याकडे पाहूं नकोस, आवाज ऐक. आवाज पडला कीं खालचा गिअर टाक." आज बंधू गाडी सफाईनें चालवितात. सायंकाळीं ती दुरून येतांना तात्या ओट्यावर बसून कितवा गिअर पडला तें अचूक सांगतात. आम्ही ऐकतों, पण त्यांच्या त्या एका वाक्यास आमच्यापाशीं अजून उत्तर नाहीं.