पंख्याची नोंद

शिकागो, जानेवारी. रात्रीचे दोन.

आई चार दिवस म्हणतेय, "अरे, मध्येच गार वारा लागतो रे अंगाला." मी खिडक्या तपासल्या, फटी बुजवल्या. घरातली उपकरणं चालवणाऱ्या होम असिस्टंट ॲपवर थर्मोस्टॅटची अवस्था 'हीट' दिसत होती, म्हणून तिकडे लक्षच गेलं नाही. पण ती अवस्था म्हणजे फक्त मोड. घर तापवणाऱ्या भट्टीच्या पंख्याची सेटिंग आत, 'फॅन मोड' या नावाने वेगळी असते. आज ती उघडली, तर 'ऑन'! भट्टी विझल्यावरही पंखा अखंड फिरत होता, आणि डक्टमधली निवलेली हवा थेट आईच्या अंथरुणावर येत होती. चार रात्री. फार वाईट वाटलं.

'ऑटो' केलं. तरी पंखा चालूच. मग उमगलं: गॅसची भट्टी तापत असताना पंखा सहसा तिचाच सर्किट बोर्ड चालवतो. बर्नर पेटल्यावर जरा थांबून सुरू करतो आणि विझल्यावर उरलेली ऊब खोल्यांत पोचवूनच थांबवतो. 'फॅन मोड' म्हणजे आपण दिलेला हुकूम. प्रत्यक्ष काय चाललंय ते 'एचव्हीएसी ॲक्शन'मध्ये वाचायचं, हीटिंग, आयडल की फॅन. तिथेही विझल्यानंतरची ती एक-दोन मिनिटं बहुधा दिसत नाहीतच.

म्हणून आईच्या खोलीत जाऊन जाळीवर तळहात धरून उभा राहिलो. कोमट झोत हळूहळू मंदावला, थांबला. आईने झोपेतच कानावरची शाल खाली सारली.