दुसऱ्याचं पाकीट

होस्टेलमध्ये दुसऱ्याची बादली, इस्त्री किंवा जर्नल न विचारता उचलणं हा गुन्हा धरत नाहीत. 2004 साली टी.ई.ला असताना मी मात्र न विचारता एक पाकीट उचललं. पाकीट म्हणजे पॅकेट!

आमच्या मजल्यावरचे सगळे पीसी एकाच हबला जोडलेले. हब हा भोळा प्राणी. एका पोर्टवर आलेलं तो बाकीच्या सगळ्या पोर्टांवर ओरडून सांगतो. जे आपलं नाही ते आपल्या नेटवर्क कार्डानं मुकाट टाकून द्यायचं, एवढाच शिरस्ता. विंडोज एक्सपीत रॉ सॉकेट उघडून कार्डाला 'सगळंच घे' असं सांगता येतं, हे कळलं आणि माझी झोप उडाली.

पहिल्या रात्री एरर 10013, म्हणजे परवानगी नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होऊन बसलो. दुसऱ्या रात्री पोर्ट नंबर दिसला 28160. असलं पोर्ट कुठलं? पहाटे ट्यूब पेटली: नेटवर्कवर थोरला बाइट आधी येतो, इंटेलच्या प्रोसेसरवर धाकटा आधी. उलटवल्यावर निघालं 110, म्हणजे पीओपी3, म्हणजे कुणीतरी मेल उतरवतंय!

तिसऱ्या रात्री स्क्रीनवर समोरच्या खोलीतल्या मित्राचा पासवर्ड, उघडाबोडका. तिथेच थांबायला हवं होतं. थांबलो नाही. मागोमाग त्याच्या दादाची मेल सरकली: मेसचे पैसे पुढच्या महिन्यात पाठवतो, तोवर कसंतरी भागव.

पंधरा दिवस हा पठ्ठ्या "पोट बिघडलंय" म्हणून रात्री मेसला येत नव्हता.

आता मला माहीत होतं, आणि कसं माहीत ते सांगायची सोय नव्हती. दोन दिवस कळ काढली. मग त्याच्या खोलीत जाऊन सगळं कबूल केलं. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "तीन रात्री जागलास. त्यापेक्षा एकदा विचारायचंस ना रे."

आम्ही चौघांनी वर्गणी काढून मेसचं भागवलं. माझ्याशी मात्र तो सबमिशनपर्यंत धड बोलला नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक 2 आला. रॉ सॉकेटवरून टीसीपी पाठवणं बंद झालं. ऐकणं चालूच राहिलं. पुढे हबच्या जागी स्विच आले, मेल एन्क्रिप्ट होऊन जाऊ लागली. माझा तो प्रोग्राम एका सीडीवर पडून आहे. पण त्या मित्राचा फोन आला, की मी अजूनही सगळ्यात आधी विचारतो, "जेवलास का?"